घोट्याचं दुखणं अंगावर काढू नकोस

तुझ्या आईने फोनवर सांगितलं, जुलैत मुरगळलेला उजवा घोटा अजून नीट झालेला नाही. दोन आठवडे विश्रांती घेतेस, बरं वाटतं, पळायला लागतेस आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा सूज. येरे माझ्या मागल्या! बेंगळुरूत पळणाऱ्यांच्या संगतीत माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे हे चक्र मला चांगलं ओळखीचं आहे. म्हणून आज सविस्तर लिहितेय. विश्रांतीने दुखणं शमतं, पण पायात ताकद विश्रांतीने येत नाही, एवढं आधी पक्कं धर. मुरगळलेला पाय दोन महिने नुसता जपून ठेवला तर दोन महिन्यांनी तो आधीपेक्षा दुबळाच निघतो. दुखत नाही म्हणजे बरा झाला असं आपण धरून चालतो आणि पुढच्या मुरगळीची सोय तिथेच होते.

आता खुर्चीत बस, पाय मांडीवर घे आणि कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव. ‘सगळीकडेच दुखतं’ हे उत्तर चालणार नाही. बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे-खाली, मऊ भागात दुखत असेल तर बहुधा लिगामेंट. पाऊल आत वळलं की पहिला ताण तिथेच बसतो. पोटरीची जाड शीर टाचेकडे उतरते तिथे मागच्या बाजूला दुखत असेल तर ते अकिलीस. टाचेखाली, जरा आतल्या अंगाला, सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला कळ येत असेल तर तळव्याचा पट्टा, डॉक्टर ज्याला प्लांटर फॅशिया म्हणतात तो. या तिन्हींना वेळ लागतो, पण ती बरी होतात. मला काळजी असते ती हाडाची.

पाय ताजा मुरगळलेला असताना एक्स-रे काढायचा की नाही, यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली एक साधी तपासणी ठरवून दिली. जगभरचे डॉक्टर ती आजही वापरतात आणि घरच्या माणसालाही ती जमते. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत दाबून पाहायची. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा हाताला लागतो तो दाबायचा. करंगळीच्या लांब हाडाचं ते मूळ. मग पावलाच्या वर, कमानीच्या माथ्याशी असलेलं नेव्हिक्युलर हाड. यातलं कुठलंही हाड दाबल्यावर दुखलं, किंवा मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचाच. तुझ्या बाबतीत तो काढलाच नाही असं तुझी आई म्हणाली. या आठवड्यात काढून घे.

पण लक्षात घे, पळून पळून हाडाला गेलेली बारीक चीर एक्स-रेत पहिले दोन-तीन आठवडे दिसतच नाही. पळताना दुखणं वाढत जातं, एका बोटाएवढ्या जागी हाड दुखतं, कधी रात्री पडल्यापडल्याही ठणकतं, अशी लक्षणं असतील तर ‘एक्स-रे क्लिअर आहे’ यावर समाधान मानू नकोस, एमआरआयचं विचार. नेव्हिक्युलरची चीर तर फार लबाड. त्या हाडाच्या मधल्या भागाला रक्तपुरवठाच कमी, त्यामुळे ती सहज भरून येत नाही. सहसा सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायची बंदी असते आणि ती पाळावी लागते. आणि पोरी, मावशी आहे म्हणून विचारते, पाळी वेळेवर येते ना? मैल वाढवायचे, जेवण कमी करायचं आणि पाळी चुकली की ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणायचं, हे मी धावणाऱ्या मुलींमध्ये पाहिलंय. पाळी थांबली की हाडं झिजायला लागतात. तसं काही असेल तर घोट्याच्या डॉक्टरांच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. डी जीवनसत्त्वही तपासून घे. ऑफिसात दिवस काढणाऱ्यांना ऊन लागतंय कुठे!

तुला धावपटू अविनाश साबळेचं कौतुक आहे. बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. याच बेंगळुरूतल्या स्पोर्ट्स अथॉरिटीच्या केंद्रात त्याने घाम गाळला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेला तो घोट्याच्या दुखापतीमुळे मुकला. त्याच वर्षी पुढे भुवनेश्वरला त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचा गोपाल सैनींचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ ला हांगझोऊला आशियाई सुवर्ण. स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांवरून आणि पाण्यातून उड्या, त्यात घोट्याची परीक्षा प्रत्येक फेरीत. एक स्पर्धा हातची गेली म्हणून कुणाचं धावणं संपत नाही, हे तुला त्याच्यावरून दिसेल.

आणि वेळेचं म्हणशील तर हार्दिक पांड्याचं आठव. १९ ऑक्टोबर २०२३ ला पुण्यात बांगलादेशविरुद्ध विश्वचषकाच्या सामन्यात पायाने चेंडू अडवताना त्याचा डावा घोटा मुरगळला. उपचारांसाठी त्याला इथेच, बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत आणलं होतं. मोठ्या सामन्यांत तो परतला तो थेट मार्चमध्ये, आयपीएलला. दिमतीला फिजिओ, व्यायामाची यंत्रं, दिवसभर दुसरं काम नाही, तरी पाच महिने. तू नोकरी, बेळ्ळंदूरचा ट्रॅफिक आणि घर सांभाळून दोन आठवड्यांत उरकायला बघतेस. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, हे आपल्या आजीचं म्हणणं लिगामेंटला तर तंतोतंत लागू आहे.

आता मुख्य काम. मुरगळल्यावर लिगामेंट ताणलं जातं, पण त्याबरोबर पायाची जाणही बिघडते. खड्ड्यात पाऊल वाकडं पडलं की निरोगी घोटा आपल्याला कळायच्या आत सावरतो. मुरगळून गेलेला घोटा सावरायला उशीर करतो आणि दगा देतो. ही जाण परत शिकवावी लागते. रोज दात घासताना एका पायावर उभी राहा, गुडघा किंचित वाकवून. ते सहज जमलं की भिंतीजवळ उभी राहून डोळे मीट. किती डगमगतेस ते बघ आणि डाव्या पायाशी ताडून पाहा, म्हणजे दुखणं कुठवर गेलंय ते माझ्या सांगण्याची गरज न पडता कळेल. मग घडी घातलेल्या सतरंजीवर, मग उशीवर. शेवटी एका पायावर छोट्या उड्या, पुढे-मागे आणि आजूबाजूला. रबरी पट्टी टेबलाच्या पायाला बांधून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं, हेही रोज. फार कंटाळवाणं काम आहे हे, मान्य. पण घोटा पुन्हा पुन्हा मुरगळणाऱ्यांपैकी जे सुधारले ते याच कामाने सुधारले.

पोटरीसाठी पायरी हवी. तुमच्या बिल्डिंगचा जिना आहेच. या व्यायामाची गोष्ट मोठी छान आहे. स्वीडनमधले हाडांचे डॉक्टर होकान आल्फ्रेडसन स्वतः धावणारे. त्यांची अकिलीस शीर दुखायची. शस्त्रक्रिया करा म्हणाले तर वरिष्ठांनी नकार दिला. मग शीर आणखी बिघडली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा हिशोबाने त्यांनी पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच खाली सोडायचा जोरकस व्यायाम सुरू केला. शीर बिघडायच्या ऐवजी बरी झाली! १९९८ साली त्यांनी हौशी धावपटूंवरचा अभ्यास छापला. १५ जण होते आणि १२ आठवड्यांनी ते सगळे पुन्हा पळायला लागले. पद्धत अशी: दोन्ही पायांनी वर जायचं, दुखऱ्या एका पायावर हळूहळू टाच पायरीच्या खाली सोडायची, १५ वेळा, असे तीन फेर. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा वाकवून. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. शीर थेट टाचेच्या हाडाला चिकटते तिथे दुखत असेल तर मात्र टाच पायरीखाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. तळव्याच्या दुखण्याला हाच व्यायाम बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, एक दिवसाआड, अगदी सावकाश करतात.

किती दुखलं तर चालेल? व्यायाम करताना थोडं दुखणारच. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर घाबरू नकोस. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. पलंगापासून बाथरूमपर्यंतची पावलं लक्ष देऊन टाक. कालच्याइतकंच किंवा कमी दुखत असेल तर कालचं ओझं बरोबर होतं. जास्त दुखत असेल, घोटा जड वाटत असेल, तर आज निम्मं कर. हे एका वहीत लिहून ठेव. घड्याळातलं ॲप तुझे किलोमीटर मोजतं, घोट्याची सकाळ मोजत नाही. पळायच्या आधी पेनकिलर घेऊन हा निकाल दडवायचा नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

बेंगळुरूचं एक सांगते, मुंबई-पुण्याहून आलेल्यांना ते उशिरा उमगतं. हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, सकाळची हवा गार. मुंबईत घामच तुम्हाला थांबवतो. इथे दम लागत नाही, जीव कासावीस होत नाही, त्यामुळे पाय दमलेत हे कळायच्या आत माणूस चार किलोमीटर जास्त पळून बसतो. छाती तयार असते, शिरा आणि लिगामेंट तयार नसतात. म्हणून इथे वेगावर आणि अंतरावर स्वतःच मर्यादा घालावी लागते.

जमिनीचंही तसंच. आपले फुटपाथ म्हणजे गटारावर टाकलेल्या ग्रॅनाइटच्या फरशा. एक हलते, एक खचलेली, तिसरी झाडाच्या मुळाने उचललेली. पहाटेच्या अंधारात त्यावर पळू नकोस. रस्त्याच्या कडेलाही उतार असतो, जाता-येता दोन्ही वेळा आपल्या डाव्याच कडेने पळालं की एक पाऊल सतत आत झुकतं. जाताना ज्या बाजूने गेलीस त्याच बाजूने ये, म्हणजे दोन्ही पायांना सारखा ताण पडेल. रहदारी असेल तिथे हे करायचं नाही, तिथे समोरून वाहन दिसेल अशाच बाजूने. रविवारी कब्बन पार्कात गाड्या बंद असतात, सपाट रस्ता मोकळा मिळतो, सुरुवात तिथेच कर. बांबूंच्या आतली मातीची वाट नंतर, घोटा दगा द्यायचा थांबल्यावर. लालबागेतल्या केंपेगौडा मनोऱ्याच्या खडकावर हौसेने चढतात सगळे, पण ओल्या खडकावरून उतरताना घोट्याला काही आधार राहत नाही. तो तुला या वर्षी वर्ज्य. कंठीरवाच्या सिंथेटिक ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडेच, तिथेही जास्त फेऱ्या नकोत.

घरगुती उपायांना माझा विरोध नाही. आंबेहळद आणि रक्तबोळाचा कोमट लेप मुक्या माराला बरा वाटतो, कातडी फाटलेली नसेल तर खुशाल लाव. पण ताज्या मुरगळलेल्या पायाला चोळणं, मळणं, ओढून ‘बसवणं’ नको. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच. इथे हाडं बसवून पाय बांधून देणाऱ्या पुत्तूर कट्टूच्या पाट्या जागोजागी दिसतात, शेजारीपाजारी आग्रहही करतात. एक्स-रे बघितल्याशिवाय कुणाकडूनही पाय बांधून घेऊ नकोस.

औषधांत दोन गोष्टी सांभाळ. अकिलीसच्या शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नकोस, शीर तुटण्याचा धोका असतो. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स पोट बिघडलं की आपल्याकडे सर्रास दिली जातात. त्यांनीही शिरांना इजा होऊ शकते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच तसा ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टरांना सांगायचं, मी पळते, टाचेची शीर दुखतेय, दुसरं काही देता येईल का?

बुटांवर फार पैसे घालू नकोस. अंगठ्यापुढे बोटभर जागा, टाच घट्ट, तळवा एका बाजूला झिजलेला नसावा, एवढं पुरे. पळणं बंद असेपर्यंत दम टिकवायचा तर सायकल चालव, पोहायला जा.

पळायला परत कधी? अर्धा-पाऊण तास झपाझप चालल्यावर दुसऱ्या सकाळी तक्रार नसेल, उजव्या एका पायावर २० वेळा टाच उचलता येत असेल आणि त्याच पायावर दहा उड्या न कचरता मारता येत असतील, तर. पहिल्या दिवशी एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. मधला दिवस सुट्टीचा. एप्रिलची टीसीएस वर्ल्ड टेन-के तुझ्या डोक्यात आहे, मला माहीत आहे. नाव हवं तर नोंदव, पण पळायचं की टाळ्या वाजवायला उभं राहायचं ते मार्चमध्ये वही बघून ठरवू. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचं मात्र यंदा बोलूच नकोस. यवतेश्वरचा घाट चढणं ठीक, पण परतीचा उतार घोट्यावर येतो.

रविवारी सकाळी सहाला कब्बन पार्कात बँडस्टँडपाशी ये. जुने बूट पिशवीत घालून आण, त्यांचे तळवे बघायचेत. एक्स-रे काढला असेल तर तोही आण.