हजेरीपटावर नाव आहे, पण मूल कुठे आहे?



या महिन्याच्या पाठासाठी आधी एक छोटंसं काम करा. आपल्या वाडीतली सहा वर्षांच्या आतली सगळी मुलं मनातल्या मनात मोजा. आता आठवा, त्यातलं असं कोणतं मूल आहे, जे अंगणवाडीत बसलेलं तुम्ही कधी पाहिलेलंच नाही?

बहुतेक गावांत असं एखादं मूल निघतंच. त्याचं नाव हजेरीपटावर असतं. त्याची आजी डबा घेऊन येते आणि खिचडी घरी नेते. मूल मात्र घरातच, खाटेवर नाहीतर ओसरीत. कुणाला चालता येत नाही, कुणी बोलत नाही, कुणी एका जागी बसत नाही. त्याची आईसुद्धा गटाच्या बैठकीला येत नाही, बचत शेजारणीच्या हातून पाठवते. विचारलं तर म्हणते, "त्याला कुणाजवळ ठेवू?"

म्हणजे एक मूल घरात राहिलं की एक बाईही घरात राहते. म्हणून हा विषय फक्त अंगणवाडीचा नाही, आपल्या गटाचाही आहे. दशसूत्रीत आरोग्य आणि शिक्षण ही दोन्ही सूत्रं आहेतच.

"उशिरा बोलेल" म्हणून थांबू नका

"याचा बापही उशिराच बोलायला लागला होता," हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! कधी ते खरंही ठरतं. पण पहिल्या काही वर्षांत मुलाचा मेंदू सगळ्यात झपाट्याने वाढतो. या काळात मिळालेली मदत सर्वांत जास्त लागू पडते. तपासून घेतलं आणि काही निघालं नाही, तर एक दिवस गेला. थांबलो आणि काही निघालं, तर दोन-तीन वर्षं गेली.

या खुणा लक्षात ठेवा:

- सहा महिन्यांचं झालं तरी आवाजाकडे मान वळवत नाही.
- नऊ महिन्यांचं झालं तरी आधाराशिवाय बसत नाही.
- दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, किंवा एकही अर्थाचा शब्द बोलत नाही.
- दोन वर्षांचं झालं तरी "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही.
- हाक मारली तर बघत नाही, नजरेला नजर देत नाही, बोट दाखवून काही मागत नाही.
- आधी येत असलेली गोष्ट, म्हणजे बोलणं किंवा चालणं, येईनासं झालं. हे कोणत्याही वयात दिसलं तरी लगेच दाखवा.

खूण दिसली म्हणजे मूल दिव्यांग आहे असं नाही. आपण डॉक्टर नाही. आपलं काम एवढंच, की ते डॉक्टरांपर्यंत वेळेत पोचावं.

कुठे दाखवायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचं फिरतं पथक वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. पण घरी बसलेलं मूल त्या दिवशीही घरीच राहतं आणि नेमकं तेच तपासायचं राहून जातं! म्हणून पथकाची तारीख सेविकाताईंना आधी विचारून ठेवा. त्या दिवशी ते मूल कडेवर घेऊन का होईना, अंगणवाडीत आणायचंच.

पथक गरजेप्रमाणे मुलाला पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. दवाखान्यात त्याला डीईआयसी म्हणतात. या कार्यक्रमातून होणाऱ्या तपासणीचे आणि उपचाराचे पैसे लागत नाहीत. पथक येऊन गेलं असेल तर वाट बघू नका, आशाताई किंवा सिस्टरना सांगा.

अंगणवाडीत येण्यासाठी दाखला लागत नाही

काही आयांना वाटतं, आधी प्रमाणपत्र काढायचं, मग मूल पाठवायचं. तसं नाही. अंगणवाडी गावातल्या प्रत्येक लहान मुलाची आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढला. मुलाला लवकर ओळखणं, सगळ्यांबरोबर सामावून घेणं आणि पुढच्या सेवेशी जोडून देणं ही सेविकेची कामं त्यात सांगितली आहेत. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड पुढे योजनांसाठी उपयोगी पडतं, ते जरूर काढा. पण त्यासाठी मुलाला घरी बसवू नका.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. मूल जसं आहे, तशी शाळा.

अंगणवाडीत काय करता येतं?

सेविकाताईंकडे तीस मुलं, मदतनीस एक. त्यांना "तुम्ही करा" म्हणून मोकळं होता येत नाही. पण बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही, नुसता विचार लागतो.

*नीट बसता येत नसेल तर* दोन भिंतींच्या कोपऱ्यात, उशीचा आधार देऊन बसवा. भरवताना कधीही आडवं ठेवू नका, घास ठसक्याने श्वासनलिकेत जाऊ शकतो. बसवून, मऊ करून, छोटे घास द्या.

*ऐकायला कमी येत असेल तर* ताईंच्या जवळ, समोर बसवा. तोंडावर उजेड पडेल असं उभं राहून, हातवारे करत बोला. पाठमोरं बोलू नका.

*दिसायला कमी असेल तर* वस्तू हातात द्या, वास घेऊ द्या. चपलांची, पाण्याची जागा रोज तीच ठेवा.

*समजायला वेळ लागत असेल तर* एका वेळी एकच गोष्ट सांगा. "चप्पल काढ." ती झाली की मग "आत ये." शिकायच्या गोष्टीचे छोटे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला शाबासकी द्या.

*आकडी, म्हणजे फिट आली तर* कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूची वस्तू बाजूला करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, तर लगेच १०८ ला फोन करा.

आमच्या एका गावात चार वर्षांचा मुलगा होता. गाणी सुरू झाली की कान झाकून ओरडायचा. इतर आया कुरकुरल्या, "आमची पोरं घाबरतात." सेविकाताईंनी त्याच्या आजीला सोबत बसायला सांगितलं. आधी रोज अर्धा तास, मग एक तास. गाण्याच्या वेळी त्याला दाराजवळ बसवायचं आणि ताटं वाटायचं काम त्याचं. तीन महिन्यांनी आजीची गरज राहिली नाही. तो अजून पूर्ण वाक्य बोलत नाही. पण खिचडीच्या वेळी हात धुऊन रांगेत पहिला असतो. त्याची आई आता बैठकीला येते आणि बचत स्वतःच्या हाताने भरते.

आपली जीभ सांभाळू या

"ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं", "मागच्या जन्मीचं पाप" असं बोलणं बंद करू या. ग्रहणाने मूल असं होत नाही. जन्माच्या वेळी बाळ उशिरा रडणं, वजन फार कमी असणं, मेंदूत गेलेला ताप, जास्त वाढलेली कावीळ, जवळच्या नात्यातलं लग्न अशी कारणं असू शकतात. कधी कारण सापडतही नाही. पण आईला दोष देऊन एकही मूल चालायला लागलेलं नाही. आणि मुलाला "मुका", "येडा" म्हणून नका, त्याला नाव आहे.

गटाने काय करायचं?

१. वाडीतल्या अशा मुलांच्या घरी दोघीजणी जा. सल्ला द्यायला नको, आधी ऐकायला.
२. पहिले काही दिवस मुलाला अंगणवाडीत पोचवायला पाळी लावा.
३. जिल्ह्याला न्यायचं झालं, तर गाडीभाड्यासाठी गटातून छोटं कर्ज द्या आणि सोबत एक बाई पाठवा. एकटी आई तिथल्या खिडक्या-कागदांत हरवते.
४. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावा लागतो. ग्रामसभेत उठून विचारा, यंदा तो कशावर खर्च झाला? अंगणवाडीला उतार आणि कठडा त्यातून मागा.
५. बैठक अशा घराच्या ओसरीत घ्या, म्हणजे त्या ताईला यायला नको, आपणच गेलो.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या वाडीत हजेरीपटावर आहे पण अंगणवाडीत नाही, असं कोणतं मूल आहे?
- त्याच्या घरी कोण दोघी जाणार आणि कोणत्या दिवशी?
- पथकाची पुढची तारीख कोण विचारून ठेवणार?

तिन्ही उत्तरं ठरावाच्या वहीत लिहा आणि ग्रामसंघाच्या बैठकीला आणा. काही अडलं तर मला किंवा तुमच्या प्रेरिकाताईंना सांगा, आपण सोबत जाऊ.

– तुमची क्षेत्र समन्वयक