वास सर्वांना सारखा येत नाही

आपल्याला कोथिंबिरीचा वास आवडतो. पण काहींना तोच वास साबणासारखा लागतो. हे नखरे नव्हेत. आपल्या नाकात सुमारे ४०० प्रकारची सूक्ष्म प्रथिने वास टिपतात. त्यांची घडण आईबापांकडून येते. ती सर्वांची सारखी नसते.

काहींना जन्मापासून वासच येत नाही. उतारवयातही वास कमी येतो. आम्ही साठी ओलांडली आहे. दूध नासले की काय, हे आता नातीला विचारतो.

स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. पण नाकच सांगत नसेल तर? म्हणून वास येत नसेल तर लपवू नये. घरच्यांनी हसू नये. डॉक्टरांना दाखवावे. काडी पेटवण्याआधी दुसऱ्याला वास घ्यायला बोलवावे.