होडीच्या मोटरीचा भोंगा वाजला तर

७ व ८ ऑगस्ट २००६ या दोन दिवसांत उकाई धरणातून तापीत सोडलेले पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेले आणि सुरत शहराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग बुडाला. रांदेर, अडाजण या बाजूला माणसे वरच्या मजल्यांवर अडकून पडली. दूध, प्यायचे पाणी, औषध, जे काही त्यांच्यापर्यंत गेले ते होडीतूनच गेले. तेव्हा नदीकाठच्या ज्या धर्मग्रामस्थांकडे मागे मोटर लावलेली होडी आहे, मग ती मासे धरण्यासाठी असो की पलीकडच्या शेतावर जाण्यासाठी, त्यांच्यासाठी आजचे हे पान आहे.

अशी होडी अकरा महिने मांडवाखाली पालथी पडलेली असते आणि श्रावणात एका रात्रीत तिची गरज लागते. घाईने मोटर लावावी, आठ माणसे घ्यावीत आणि मध्य धारेत भोंगा कोकलू लागावा, असे होते. भोंगा ऐकून काही जण घाबरून मोटर तिथल्या तिथे बंद करतात. काही जण वायरच तोडून टाकतात. दोन्ही घातक.

भोंगा वाजताच पहिले काम म्हणजे वेग कमी करणे. दुसरे काम, मागे वळून पिचकारी पाहणे. मोटर चालू असताना तिच्या अंगातून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडते, तीच पिचकारी. आपल्या विहिरीवरच्या इंजिनाला थंड ठेवायला पाणी फिरवतो ना, तसाच हा प्रकार. पंख्याच्या वरच्या बाजूला असलेल्या जाळीतून मोटर नदीचे पाणी ओढते, आतल्या रबरी पात्यांचा इंपेलर ते वर ढकलतो, इंजिन थंड होते आणि पाणी पुन्हा नदीत जाते. धार बारीक झाली, वाफाळू लागली किंवा थांबली, तर मोटर तापते आहे असे समजावे. लहान, साध्या मोटरींना भोंगा नसतोच. तिथे ही धार हाच भोंगा. म्हणून मोटर चालवणाऱ्याने अधूनमधून मागे पाहण्याची सवय ठेवावी.

आता मोटर बंद करायची, पण कुठे? धारेत बंद केली तर होडी पुलाच्या खांबावर किंवा विजेच्या तारांवर जाऊन आदळेल. हळू वेगात भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाला यावे, होडी बांधावी, मग बंद करावी. आडोसा नसेल आणि तळ लागत असेल तर नांगर टाकावा, आणि तो होडीच्या पुढच्या टोकाकडूनच. मागून टाकला तर होडी पाण्याला पाठ देते आणि प्रवाह मागच्या फळीवरून आत शिरतो. कंपनीची पुस्तिका म्हणेल की ताबडतोब बंद करा. मोटरीसाठी ते बरोबर आहे. पण माणसे होडीत असताना मोटर जळली तर जळू द्यावी, काठ गाठावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. वल्ही आणि प्रत्येकाला तरंगजाकीट असल्याशिवाय पुराच्या पाण्यात होडी लोटूच नये.

होडी बांधून झाली की मोटर वर उचलून जाळी पाहावी. फूट-व्हॉल्व्हला गवत अडकून पंप कोरडा खेचतो हे आपल्याला शिकवायला नको. इथेही बहुतेक वेळा तेच घडते. सुरतेत सिंगणपोरच्या बंधाऱ्यामागे जलपर्णी माजते, पुरात प्लास्टिकच्या पिशव्या वाहून येतात, आणि एक पिशवी संपूर्ण मोटर गुदमरवायला पुरेशी होते. जाळी साफ करून, मोटर थोडी निवू देऊन पुन्हा सुरू करावी. तापलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी ओतू नये, धातूला चीर जाते. मोटर फिरत असताना वरचे झाकण काढू नये. आतले चाक उघडे असते, बाही किंवा ओढणी गुंडाळली गेली की हात जातो.

जाळी साफ आहे, तरी धार नाही? मग धारेच्या भोकात बारीक तार घालून पाहावी. चिखल किंवा कुंभारमाशीचे घर सापडेल. तरीही धार येत नसेल तर इंपेलर गेला असे धरून वल्ही हाती घ्यावीत. ही दुरुस्ती होडीत बसून होत नाही. हजीरा, मगदल्ला, डुमसकडे खाडीचे पाणी बाराही महिने गढूळ. भरती-ओहोटीच्या ओढीने गाळ सारखा ढवळत राहतो आणि तो रबराची पाती कानसीसारखा घासतो. वर्षातून एकदा, मे महिन्यात, इंपेलर काढून पाहावा. पाते तुटलेले असेल तर त्याचा तुकडाही शोधून काढावा, नाहीतर तो वरच्या नळीत अडकून नव्या इंपेलरचेही पाणी अडवतो. धार चांगली असून भोंगा वाजत असेल तर थर्मोस्टॅटचा संशय घ्यावा. तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगून पाणी तापवावे. उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी तो उघडलेला दिसला पाहिजे.

भोंगा नेहमी तापल्याचाच असतो असे नाही. फोर-स्ट्रोक मोटरीत तो तेलाचा दाब गेल्याचाही असतो. तेव्हा काठाला लागून पट्टीने तेल पाहावे. तेल दुधासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. मोटर पुन्हा सुरू करू नये. टू-स्ट्रोकमध्ये वेगळी तेलटाकी असेल तर तेल संपत आल्याची सूचना मिळते. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे असेल तिथे ५० ला १ हे प्रमाण म्हणजे १० लिटरला २०० मिलिलिटर. पण रॉकेलवरच्या व जुन्या मोटरींना तेल जास्त लागते, म्हणून पुस्तिका पाहावी. ट्रॅक्टरचे उरलेले तेल ओतू नये. काही मोटरी पेट्रोलात पाणी आले तरी किंवा बॅटरी उतरली तरी पिपाणी वाजवतात. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल धरते आणि पाणी टाकीच्या तळाशी बसते. गेल्या वर्षीचे पेट्रोल मोटरीत ठेवूच नये.

लांब भोंगा कशाचा आणि तुटक कशाचा, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून पुस्तिकेतले ते एक पान मराठीत उतरवून घ्यावे आणि होडीतल्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावे. बऱ्याच मोटरींत चावी फिरवताच भोंगा क्षणभर वाजतो. तो वाजला नाही तर भोंगाच बिघडलेला आहे, आणि हा बिघाड सर्वांत वाईट.

पावसाळ्याआधी मोटर पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून दहा मिनिटे चालवावी. पाणी जाळीच्या बरेच वर असावे, गियर न्यूट्रलमध्ये. कोरडी मोटर क्षणभरही फिरवू नये, इंपेलर करपतो. हे काम अंगणात करावे, बंद पडवीत नाही; धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. खाडीतून आल्यावरही असेच गोड्या पाण्यात चालवून मीठ आणि गाळ धुऊन काढावा.

जाळी साफ करायला पाण्यात उतरणाऱ्यासाठी एक गोष्ट. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात भात-उसाच्या शेतातून लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात डोके वर काढतो. उंदरांच्या व गुरांच्या लघवीतून तो पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतो. गमबूट घालावेत, जखम झाकावी, घरी येताच साबणाने पाय धुवावेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे यांपैकी काही दिसले तर काढे करीत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि आपण पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.