सार्वजनिक वृक्ष आणि पूर्तधर्म



कीर्तन आटोपले की श्रोते शंका विचारावयास येतात. नागपुरात आम्हांस एक शंका वारंवार ऐकू येते. "महाराज, रस्त्याकडेचे झाड महापालिकेचे, त्याला पाणी आम्ही का घालावे? आणि घातले, तर त्याची जांभळे आमची का नव्हेत?" शंका दोन दिसतात, मूळ एकच आहे. सार्वजनिक झाड कोणाचे? आजच्या पाठात एवढाच विचार करू.

शास्त्रकारांनी सत्कर्माचे दोन भाग केले आहेत, इष्ट आणि पूर्त. यज्ञयागादी कर्म ते इष्ट. विहीर खणणे, तळे बांधणे, देवालय उभारणे, अन्नदान करणे आणि ‘आराम’ म्हणजे बाग, आमराई लावणे, हे पूर्त. इष्टाला अधिकार लागे. पूर्ताला कोणालाच आडकाठी नव्हती. यज्ञशाळेचे दार ज्याला बंद, त्यालाही झाड लावण्याची मोकळीक होती. वारकऱ्याला ही वाट परकी नाही. अरणच्या सावतोबांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला, हे आपण जाणतोच. मत्स्यपुराणात तर पार्वतीमातेने अशोकाचे रोप पुत्र मानून वाढविले, आणि एक वृक्ष दहा पुत्रांच्या तोलाचा ठरविला.

आता नीट लक्ष द्या. दान निराळे आणि उत्सर्ग निराळा. दानात घेणारा ठरलेला असतो. गाय अमक्याला दिली, ती त्याची झाली. तळे आणि बाग यांचे तसे नाही. त्यांचा उत्सर्ग करावयाचा, म्हणजे सर्व भूतमात्रांसाठी ती वस्तू सोडून द्यावयाची. मूळच्या पैठणच्या, पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात याच विषयावर ‘उत्सर्गमयूख’ हा ग्रंथ रचला. उत्सर्ग केल्यावर लावणाऱ्याची मालकी सुटते. पण तोही सर्वांतलाच एक, म्हणून त्या तळ्याचे पाणी त्याने प्यावे, त्या झाडाखाली बसावे, यास हरकत नाही.

यात दुसऱ्या शंकेचे उत्तर आले. पाणी घालणाऱ्याला जांभूळ खाण्याचा हक्क आहे; दुसऱ्याला अडविण्याचा नाही. शेजारी, वाटसरू, शाळेची पोरे, पोपट, वटवाघूळ, सारे वाटेकरी.

राहिली पहिली शंका. मालकी सुटली म्हणजे कर्तव्य सुटले काय? अहो, ‘पूर्त’ म्हणजेच भरलेले, पुरे झालेले. रोप खड्ड्यात ठेवून पुण्य पुरे होत नाही. १९५० साली देशात वनमहोत्सव सुरू झाला, तेव्हापासून दर पावसाळ्यात रोपे लागतात. लावणे सोपे आहे, कारण तेव्हा पाऊस पाणी घालतो. खरी परीक्षा वैशाखात होते. नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, काळी जमीन भेगाळते, आणि जुलैत लावलेले रोप मे महिन्यात वाळून काडी होते. महापालिकेचा टँकर प्रत्येक रोपाशी रोज कसा पोहोचणार? शेजारचा माणूस मात्र बादली घेऊन दहा पावलांत पोहोचतो.

या नगरीची गावनावेच पाहा. आंबाझरी, चिंचभवन, बेलतरोडी. नाव घेतले की झाड ऐकू येते. भोसल्यांनी येथे महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडीची बाग अशा बागा केल्या. महाराजबाग आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाकडे आहे. ज्यांनी त्या लावल्या ते गेले. सावली आपल्यापर्यंत आली.

आणि राखणारे नागपूरकर आजही आहेत. अजनीच्या रेल्वे वसाहतीत जुनी दाट झाडी आहे. रेल्वे, बस आणि मेट्रो एकत्र आणणाऱ्या मोठ्या स्थानकासाठी तेथील हजारो झाडे तोडण्याचे घाटले, तेव्हा २०२१ साली नागरिक पुढे आले. त्या झाडीला त्यांनी ‘अजनी वन’ म्हटले, हरकती लिहिल्या, न्यायालयात दाद मागितली. ते स्थानक त्या रूपात तेथे उभे राहिले नाही. यातील बहुतेकांनी ती झाडे लावली नव्हती, त्यांच्या मालकीचीही ती नव्हती. पूर्तधर्म याहून निराळा काय असतो?

कायदाही आपल्या बाजूस आहे. १९७५ च्या राज्य अधिनियमाप्रमाणे शहरात वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, मग ते आपल्या अंगणातले का असेना. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांचे वा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष मानले आहे. झाडावर नोटीस दिसली तर वाचा, आणि मुदतीत हरकत लिहून द्या.

आता नित्यनेम सांगतो, बरं का. नव्या रोपाला पहिले तीन उन्हाळे सांभाळावे. पाणी सकाळी किंवा सांजेला घालावे, उन्हात नको. बुंध्याभोवती आळे करून त्यात वाळलेला पाला पसरावा. पाला जाळू नये, तो ओल धरतो. बुंध्याला सिमेंट चिकटले असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला अर्ज देऊन चहूकडे दोन हात माती मोकळी करून घ्यावी. पाणी आणि हवा मुळांना तेथूनच मिळते. खिळे, तारा, पाट्या काढाव्या. खोड जाड झाले की लोखंडी जाळी सैल करावी, नाहीतर रक्षकच गळफास होतो. फळे काठीने झोडपू नयेत. खाली चादर धरून फांदी हलवावी. जांभळाची फांदी ठिसूळ असते, पोरांना चढू देऊ नये. शेंड्यावरची फळे पाखरांना सोडावी.

आणि फळे उतरली की काय करायचं? काल्याच्या दिवशी शिदोरी कोणाची, हे कोणी विचारीत नाही. सर्वांचे एकत्र होते आणि सर्वांना घास मिळतो. मोहल्ल्यातल्या जांभळाचा, कवठाचा, आंब्याचा असाच काला करावा. ज्याने वर्षभर पाणी घातले त्याने आपल्या हाताने वाटावे आणि शेवटी आपणही एक घास घ्यावा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.