तोंड पूर्ण उघडत नाही? मशीनच्या आधी तीन बोटं!



“भाकरी चावताना कानाजवळ कळ येते”, “जांभई दिली की जबडा वाजतो”, “तोंड पूर्ण उघडत नाही” अशा तक्रारी जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत नेहमी ऐकू येतात. हल्ली काही ठिकाणी त्यासाठी संगणकावरच्या तपासण्या सांगतात. पैसे भरण्याआधी त्या काय दाखवतात ते समजून घेऊ.

जबड्याचा सांधा
कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाला जे हलताना लागतं, तो जबड्याचा सांधा. त्यात एक मऊ चकती असते. ती जागेवरून सरकली की ‘कट्’ आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर बहुतेक वेळा उपचार लागत नाहीत.

मशीन काय दाखवते?
सेन्सरची पातळ पट्टी चावली की कोणत्या दातावर किती जोर पडतो ते दिसतं. गालावर चिकटवलेल्या पट्ट्या स्नायूंचं काम मोजतात. काही यंत्रं जबड्याची हालचाल रेखाटतात. कॅप किंवा कवळी बसवताना अशी माहिती कामाला येते. पण सांध्याच्या दुखण्याचं निदान मुख्यतः विचारपूस, हाताने तपासणी आणि गरज पडल्यास एक्स-रे किंवा स्कॅन यांवरच करावं, असं अमेरिकेतील दंतसंशोधकांच्या संघटनेने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून नुसत्या आलेखावर दात घासून घेऊ नका. घासलेला दात परत येत नाही. आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या, हीच कालाम सुत्ताची शिकवण आहे.

घरची तपासणी
स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे तीन बोटं बसतात. दोनच बसली तर डॉक्टरांना दाखवा.

गुटखा-सुपारी खाणाऱ्यांनो, सावध!
राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. सुपारीमुळे गालाची आतली कातडी पांढरट व ताठ होते, तिखट झोंबतं, तोंड हळूहळू आखडतं. या आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तो ओळखायला महागडी मशीन लागत नाही. डॉक्टर तोंडात बघून, बोटाने चाचपून ओळखतात. शंका आली तर तुकडा काढून तपासतात.

काय करावं?
• सांधा दुखत असेल तर काही दिवस मऊ जेवण घ्या, गरम शेक द्या, जांभई देताना हनुवटीखाली हात धरा.
• जबडा अचानक अडकला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
• तोंड आखडत असेल, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा.
• गुटखा, तंबाखू, सुपारी आजच बंद करा. तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला : १८००-११-२३५६.

पाचवं शील आपण दर रविवारी विहारात घेतो. येत्या रविवारी वंदनेनंतर तरुण पोरांसह सगळ्यांनी तीन बोटांची तपासणी करावी. त्याला एक रुपयाही लागत नाही.