फ्रेम सांडते कुठे?

धाकटी बहीण प्लेस्टेशन ४ वर खेळते, मी शेजारी लॅपटॉप घेऊन, कॅप्चर कार्ड जोडून, ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर ते रेकॉर्ड करतो. एका बॉसला हरवायला तिला तीन आठवडे लागले. त्या लढतीचं रेकॉर्डिंग लावलं, तर ते ठेचकाळत चाललेलं. तिचा चेहरा पडला, आणि ते मला फार लागलं. पुढचे दोन महिने मी याच्याच मागे होतो.

१. काहीही बदलण्याआधी फाइल तपासा. व्हीएलसीत व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरचं 'ई' दाबत राहिलं, की एकेक फ्रेम पुढे सरकते. खेळ ६० फ्रेमचा असेल आणि कॅमेरा फिरत असताना लागोपाठ दोन फ्रेम हुबेहूब सारख्या आल्या, तर मधली एक सांडली. ३० फ्रेमच्या खेळात प्रत्येक चित्र दोनदा येणारच. दोन, दोन, दोन आणि मध्येच तीन, हा खरा अडखळा. फ्रेम नीट असतील तर रेकॉर्डिंग निर्दोष आहे, धाप लागतेय ती ते दाखवणाऱ्या लॅपटॉपला. हे कळण्याआधी मी दोन चांगल्या फाइली पुसून टाकल्या होत्या.

२. अडखळ्याला ताल आहे का, ते घड्याळ लावून बघा. आमचा दर सोळा-सतरा सेकंदांनी यायचा, अगदी नेमाने. अनेक कन्सोल ६० म्हणतात, पण प्रत्यक्षात सेकंदाला ५९.९४ फ्रेम पाठवतात. ओबीएस ६० वर ठेवलं, तर भरपाईसाठी साधारण तेवढ्याच वेळाने एक फ्रेम दोनदा लिहिली जाते. ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ५९.९४ निवडलं आणि तो अडखळा त्याच रात्री गेला.

३. तरीही मधूनच, कसाही येणारा दुसरा अडखळा उरला. बेताल अडखळा म्हणजे वाटेत कुठेतरी कोंडी. १०८०पी चित्र ६० फ्रेमने, न दाबता पाठवायचं तर सेकंदाला सुमारे २५० मेगाबाइट लागतात. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ६०. म्हणून तसल्या पोर्टवर कार्ड चित्र दाबून पाठवतं, नाहीतर फ्रेम गाळतं. आमचं कार्ड ३.० चं होतं, पण मी ते हबमध्ये खुपसलं होतं आणि त्याच हबवर वेबकॅम आणि बाहेरची डिस्क. कार्डाला लॅपटॉपचं स्वतःचं पोर्ट द्या, आणि केबल कार्डासोबत आलेलीच वापरा.

४. ओबीएसचं 'स्टॅट्स' उघडं ठेवा. रेंडरिंगमध्ये फ्रेम चुकत असतील तर ग्राफिक्सवर ताण आहे. एन्कोडिंगमध्ये सुटत असतील तर एक्स२६४ सोडून ग्राफिक्स चिपचा एन्कोडर निवडा. तिसरा आकडा नेटवर्कचा, रेकॉर्डिंगशी त्याचा संबंध नाही. पण ओबीएसपर्यंत पोचण्याआधीच सांडलेली फ्रेम या आकड्यांत दिसत नाही. सगळीकडे शून्य आणि व्हिडिओ तरी अडखळतोय, म्हणजे एचडीएमआय केबल, कार्ड किंवा पोर्ट. या शून्यांवर विसंबून माझा आठवडा गेला.

५. हार्ड डिस्कला उगाच दोष देऊ नका. ४० मेगाबिटचं रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ मेगाबाइट.

६. चार्जर लावा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग उतरवतात.

७. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहा. माझ्या वहीत तारीख, पोर्ट, फ्रेमरेट आणि एका मिनिटात किती अडखळे एवढंच असतं. चाचणीची जागाही ठरलेली: खेळातला एक मोकळा चौक. तिथे बहीण कॅमेरा गोल गोल फिरवते, मी मिनिटभर रेकॉर्ड करतो आणि लगेच 'ई' दाबत बसतो. तोवर ती कंट्रोलर मांडीवर ठेवून थांबते. मग विचारते, "दादा, करू सुरू?"