त्रिकोणातील अंक

मुलांनो, पाण्याची रिकामी बाटली हाती घेऊन तिचा तळ नीट पाहा. तेथे किंवा तळाजवळ एक लहानसा त्रिकोण व त्यात १ हा अंक उमटविलेला दिसेल. ही बाटली कोणत्या द्रव्याची घडली आहे, हे तो अंक सांगतो.

‘धातू’ म्हटले की त्यात लोखंड, तांबे, जस्त हे सारे येतात. प्लॅस्टिकचेही तसेच आहे. अमेरिकेतील प्लॅस्टिक-व्यावसायिकांच्या संस्थेने १९८८ साली त्याच्या प्रकारांस अंक दिले. १ म्हणजे पेट. पाण्याच्या बाटल्या त्याच्या असतात. २ व ४ ही पॉलिथीनची दोन रूपे. पहिल्याच्या शाम्पूच्या टणक बाटल्या होतात, तर दुसऱ्याच्या दुधाच्या मऊ पिशव्या. ३ म्हणजे नळांचे पीव्हीसी, ५ म्हणजे डब्यांचे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्मोकोल त्याचाच. उरलेले सर्व ७ मध्ये येतात.

हे प्रकार वेगळे का करावयाचे? पेट वितळवून त्याचे धागे काढतात व त्यांचे कापड विणतात. परंतु त्यात पीव्हीसीचा थोडासा अंश मिसळला, तरी त्या उष्णतेने त्यातून आम्ल सुटते व माल बिघडतो. एक नासका आंबा सगळी अढी नासवितो, तसेच हे होय.

एक प्रयोग करा. वडील माणसांकडून बाटलीचा तुकडा कापून घ्या. तो तुकडा व बाटलीचे झाकण पाण्यात बुडवून सोडा. तुकडा तळाशी जाईल, झाकण वर येईल. कारण पेट पाण्याहून जड, तर झाकणाचे द्रव्य हलके. कारखान्यांतही हीच युक्ती योजतात.

मात्र अंक आहे म्हणून वस्तू पुन्हा घडविली जाईलच, असे समजू नये. पूर्वी हा त्रिकोण बाणांचा असे. त्यामुळे तसा गैरसमज होई. म्हणून २०१३ साली बाणांऐवजी साधा त्रिकोण ठरविण्यात आला. जुनी खूण अद्याप पुष्कळ वस्तूंवर आढळते.

आपल्याकडे ही निवड बहुधा कचरावेचकांचे हात करतात. पुण्यात १९९३ साली त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभारली. आपण खरकटे माखलेली वस्तू तशीच टाकली, तर ती घाण त्यांच्या हातांस लागते. म्हणून वस्तू धुऊन, ओल्या कचऱ्यापासून वेगळी ठेवावी. आपले जाते एक मिनिट; त्यांच्या श्रमांचा मात्र मान राहतो.

स्वाध्याय

१. पेटमध्ये पीव्हीसी मिसळल्यास काय होते?
२. झाकण का तरंगते?
३. घरातील पाच वस्तूंवरील अंक पाहून त्यांचा तक्ता करा.